मामाच्या गाडीचे ब्रेक

बाबांनी गाडी ठोकली ती महाल भागात, माझ्या शाळेच्या गल्लीत, शाळा भरायच्या वेळेला. ठोकली म्हणणं जरा जास्तच होईल, टेकवली. आमची लाल छोटी गाडी बैलाच्या चालीनं चालली होती. समोर प्लास्टिकच्या बादल्यांचा ठेला आडवा आला. बाबांनी ब्रेक दाबला. गाडी थांबायला लागली, पण शेवटचं हातभर अंतर तिनं आपल्या मर्जीनं कापलं आणि ठेल्याला नाक लावलं. बादल्यांची उंच उतरंड होती. ती क्षणभर डुलली आणि टप, बादल्या, सगळं गल्लीभर गडगडत गेलं.

ठेलेवाला भांडेल म्हणून मी घाईनं उतरले. तो कमरेवर हात ठेवून बाबांकडे बघत होता.

"काकाजी, टप पाहिजे होता तर आवाज द्याचा ना! गाडी काहून पाठवली?"

माझ्या वर्गातल्या मुली दप्तरं सावरत बादल्या गोळा करायला धावल्या. "मॅडम, तुमचे बाबा आहेत?" असं एकीनं विचारलं, तेव्हा मी ऐकू न आल्यासारखं केलं. आम्ही एक निळा टप विकत घेतला, तो मागच्या सीटवर ठेवला आणि प्रकरण मिटलं.

रात्रीच्या जेवणाला मी विषय काढला. "बाबा, गाडी विकून टाकू ना आता. कुठं जाचं असलं की मोबाईलवर गाडी बोलावता येते. माझी स्कूटर हायेच."

बाबा वरणाची वाटी संपल्यावर म्हणाले, "गाडीचा दोष नाही. ब्रेक लहान हायेत."

डॉक्टरनं तपासून सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं. त्यावर अपील नव्हतं.

बाबांची सगळी नोकरी कोराडीच्या वीज केंद्रात गेली, मेंटेनन्समध्ये. तिथं पार्ट वेळेवर मिळाला नाही तर दुसऱ्या मशीनचा काढायचा, घासायचा, मापात आणायचा आणि बसवायचा, ही त्यांची विद्या. रिटायर झाल्यावर आम्ही क्वार्टर सोडून मानकापूरच्या बाजूला घर बांधलं, पण ती विद्या त्यांच्यासोबत आली. निरोप समारंभात सोबत्यांनी त्यांना एक वर्निअर दिला होता, माप घ्यायचा. तो कायम त्यांच्या शर्टाच्या खिशात. एकदा त्यांनी आईच्या पोळीची जाडी मोजली होती. दुसऱ्या दिवशी आईनं स्वयंपाकच केला नाही, त्यानंतर वर्निअर स्वयंपाकघरात आला नाही.

आठवड्याभरात योजना तयार झाली. आमच्या गाडीच्याच कंपनीची एक मोठी गाडी होती. तिच्या पुढच्या चाकांच्या ब्रेकची चकती मोठी, ती आवळून धरणारा कॅलिपरही मोठा. ते आमच्या गाडीला लावायचं.

"दुसऱ्या गाडीचं आपल्या गाडीले कसं बसन?" मी विचारलं. घरात मीही हीच भाषा बोलते, शाळेतली शाळेत ठेवून येते.

"बसत नाही," बाबा म्हणाले, "बसवा लागते."

आई भाजी निवडत होती. "माझ्या मिक्सरचं झाकण तीन महिन्यांपासून बसून नाही राहिलं. ते कोण्या मॉडेलचं लावता ते सांगा आधी."

आईचे प्रश्न बाबा मेंटेनन्सच्या यादीत सगळ्यात खाली टाकत.

मी मदतीला तयार झाले ती काही आनंदानं नाही. गाडी गॅरेजमध्ये गेल्यावर बाबांना इकडून तिकडे न्यायला माझी स्कूटरच होती. पहिल्या रविवारी आम्ही कामठी रोडकडच्या जुन्या पार्टांच्या दुकानात गेलो. दुकान म्हणजे लोखंडाचा डोंगर आणि डोंगरावर मालक. बाबांनी एकेक चकती उचलून कडेनं चार-चार ठिकाणी मोजायला सुरुवात केली. सातव्या चकतीला मालकाचा धीर सुटला.

"सोनं घेऊन राहिले का काकाजी?"

"सोनं असतं तर एवढं मोजलं नसतं," बाबा म्हणाले आणि आठवी उचलली.

मिस्त्रींचं गॅरेज आमच्या घरापासून जवळच होतं. माणूस कामात सोनं, पण तोंडात सदा खर्रा, तंबाखू-सुपारीचा. खर्रा ताजा असला की त्यांना बोलता येत नसे. मग ते बोटांनी, भुवयांनी, फारच झालं तर मान वर करून हनुवटीच्या टोकाला जमेल तेवढं बोलत. बाबांनी कागदावर काढलेली आकृती त्यांनी उलटी-सुलटी करून पाहिली आणि दोन बोटं वर केली.

"दोन दिवस?" बाबांनी विचारलं.

मिस्त्रींनी मान डोलावली. गाडी पाच आठवडे विटांवर उभी होती.

पहिली अडचण चकतीची. मधलं भोक लहान होतं आणि बोल्टांची चार भोकं आमच्या गाडीशी जुळत नव्हती. ते काम लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या मशीनवर, करायचं होतं. बाबांच्या भरवशाचा लेथवाला नेमका महालात, शाळेच्या रस्त्यावर. "तू जातच हाय ना तिकडे," असं म्हणून बाबांनी दोन्ही चकत्या माझ्या पिशवीत घातल्या. डब्यावर एक, डब्याखाली एक. लेथवाल्याचं दुकान सकाळी उघडलेलं नसे, म्हणून दिवसभर त्या स्टाफरूमच्या टेबलावर राहिल्या. मधल्या सुट्टीत आमच्या शिवणाच्या बाईंनी एक चकती उचलून वजन पाहिलं.

"बिडाचा तवा का वं? कुठून घेतला? डोसे मस्त होतील यावर."

मी म्हटलं, "ब्रेक आहे." त्यांना वाटलं मी काही सांगायला टाळते आहे. दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

दुसरी अडचण कॅलिपर धरायच्या जागेची. बाबांनी जाड पोलादी पट्टीचं माप काढलं, ती कापून आणली, कडा घासल्या, आणि बोल्ट मात्र नवीन कोरे, चांगल्यातले चांगले घेतले. "इथं काटकसर नाही कराची," असं ते कोणी न विचारता तीनदा म्हणाले. सगळं जागेवर बसलं. चकती हातानं फिरवली तर गरागरा फिरली. बाबा खुश, मिस्त्री खुश, मीही नकळत खुश. मग मिस्त्रींनी चाक उचललं आणि लावायला गेले.

चाक आत जाईना. त्यांनी पुन्हा फिरवून लावून पाहिलं. मग चाक खाली ठेवलं, गॅरेजच्या बाहेर गेले, खर्रा थुंकला, पाण्यानं चूळ भरली आणि परत येऊन माझ्या ऐकण्यातलं पहिलं पूर्ण वाक्य बोलले.

"साहेब, चाक बसून नाही राहिलं जी."

मोठा कॅलिपर चाकाच्या आतल्या बाजूला घासत होता. जेमतेम नखभर. आम्ही तिघं त्या नखभर जागेकडे बघत उभे राहिलो.

"ग्रायंडरनं कॅलिपर जरासा घासून टाकतो," मिस्त्री म्हणाले.

बाबांचा आवाज सहसा चढत नाही. तेव्हा चढला. "कॅलिपरले हात नाही लावाचा! जिथं जोर येते तिथलं लोखंड कमी नाही कराचं."

म्हणजे चाक मोठं हवं. मोठी चाकं आली, मोठे टायर आले. ते बसले, पण स्टेअरिंग पूर्ण वळवलं की टायर वरच्या पत्र्याला घासून कुईऽ असा आवाज करी, शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखा. म्हणून पत्र्याची आतली कड हातोडीनं दुमडावी लागली. संध्याकाळी बाबांनी ही हकीकत घरी सांगितली, तेव्हा आई म्हणाली, "म्हणजे ब्रेकसाठी चाक, चाकासाठी पत्रा. उद्या गाडीसाठी घर पाडाचं का?"

मला वाटलं, संपलं. पण बाबांची यादी संपली नव्हती. त्यांना बूस्टर हवा होता. आमची गाडी त्या काळातलं साधं मॉडेल, तिला तो नव्हताच. बूस्टर म्हणजे ब्रेकच्या पायाला जोर देणारा गोल डबा. तो असला की हलकं दाबलं तरी ब्रेक कडक लागतो.

मिस्त्री चक्रावले. "बूस्टर काहून पाहिजे साहेब? एवढी मोठी डिस्क लावली, ट्रक थांबन यानं."

"पाहिजे."

"पण जागा नाही जी."

"जागा करू. पाहिजे म्हणजे पाहिजे."

काच धुवायच्या पाण्याची बाटली निघाली आणि तिच्या जागी बूस्टर बसला. ब्रेकच्या तेलाचा पंपही त्याच मोठ्या गाडीचा आला. नळ्यांतली हवा काढायला मी सीटवर बसून शंभर वेळा पॅडल दाबलं. "दाब. धर. सोड. दाब. धर." माझ्या वर्गातल्या मुली माझं इतक्या निमूटपणे कधी ऐकत नाहीत.

परीक्षा घ्यायची ठरली एका रविवारी सकाळी, एका नवीन लेआउटमधल्या रिकाम्या रस्त्यावर. तिथं अजून घरं नव्हती, फक्त खांब आणि प्लॉटचे दगड. बाबांनी खडूनं रस्त्यावर रेषा मारल्या. मी टेप घेऊन कडेला उभी. बाबा चालवायला, मिस्त्री शेजारी. गाडी लांबून जोरात आली, रेषेवर बाबांनी ब्रेक दाबला, आणि ती जमिनीला चिकटल्यासारखी थांबली. सरळ, कुठं न वळता. मी टाळ्याच वाजवल्या.

दार उघडलं. मिस्त्री उतरले आणि तसेच रस्त्याच्या कडेला बसले. चेहरा हिरवट. मिस्त्रींनी पट्टा लावला होता. खर्ऱ्याला पट्टा नव्हता. तोंडात नुकताच भरलेला सगळा खर्रा त्यांनी गिळला होता. मी पाण्याची बाटली दिली. ती त्यांनी पूर्ण संपवली. बाबा काळजीनं वाकून उभे होते.

"मिस्त्री, काही होऊन राहिलं का?"

मिस्त्रींनी डोळे पुसले, चाकाकडे पाहिलं आणि म्हणाले, "लागला जी ब्रेक. लागला."

त्यानंतरच्या दोन-तीन फेऱ्यांत त्यांनी मागच्या ब्रेकची जुळवणी केली, पण ते गाडीत बसले नाहीत. बाहेरून हात दाखवत राहिले.

नव्या ब्रेकची आम्हाला सवय व्हायला वेळ लागला. पॅडलला नुसता पाय लावला तरी गाडी थबकायची. आई पहिल्यांदा बसली तेव्हा बाजारातून आणलेलं कोहळं मागच्या सीटवरून उडून पुढं गिअरवर आलं. आई म्हणाली, "आता मले काही नका सांगू. मी समजली."

मग खाप्याला, आत्याच्या गावी, लग्न आलं. आत्याच्या मुलाचं. म्हणजे बाबा नवरदेवाचे मामा. आत्याच्या यजमानांना मी फुफाजी म्हणते. सिमेंटचं दुकान, आवाज मोठा, मन वाईट नाही, पण आमच्या गाडीला ते कायम 'डबी' म्हणत. त्यांनी नवीन पांढरी मोठी गाडी घेतली होती, तिच्यातूनच नवरदेव जाणार होता. आदल्या दिवशी फोनवर त्यांनी बाबांना सांगितलं, "साळेसाहेब, डबी लांब उभी करा बरं का, वरातीत कोणाच्या पायाखाली येईन."

बाबा नुसतं "हो जवाई" म्हणाले.

खाप्यातच घर आणि खाप्यातच हॉल, त्यामुळे वरात गावातून फिरत जायची होती. सकाळचे दहा, एप्रिलचं ऊन, पुढं बँड, त्यापुढं नाचणारी पोरं. ती दोन पावलं पुढं जात आणि एक मागं येत. फुफाजी स्वतः चालवत होते. त्या चालीनं गाडी चालवायची म्हणजे क्लच अर्धा दाबून धरायचा, आणि त्यांनी तो तासभर धरला. गावाच्या मधोमध जळका वास यायला लागला. बँडवाल्यांना वाटलं कोणाची भाजी लागली. मग बॉनेटखालून धूर निघाला, गाडीनं एक आचका दिला आणि उभी राहिली. पुन्हा हलेना.

नवरदेव आत घामानं भिजलेला. आत्या रडायच्या बेतात. फुफाजी बॉनेट उघडून आत असं बघत होते, जणू तिथं कोणी उत्तर लिहून ठेवलंय. हॉलवरून फोनवर फोन.

बाबा पुढं झाले. "जवाई, मामाची गाडी हाय ना."

पर्याय नव्हता. लांबलचक गाडीचे हार आमच्या गाडीवर चढवले, ते दोनदा गुंडाळूनही उरले. लाल रंग दिसेनासा झाला, समोरच्या काचेत बाबांपुरती खिडकी ठेवली. उंच नवरदेव पुढं बसला. मागं आत्या आणि फुफाजी, फुफाजींचे गुडघे हनुवटीला. मी खिडकीजवळून पाण्याची बाटली घेऊन चालायला लागले.

बँड सुरू झाला. बाबांनी गाडी सोडली, चार पावलांवर पोरं मागं आली, बाबांनी ब्रेकला पाय लावला. गाडी थबकली, आणि नवरदेव कमरेतून वाकला. समोरच्या ओट्यावर बसलेल्या दोन म्हाताऱ्यांना वाटलं, आपल्याला नमस्कार केला. त्यांनी गडबडीनं हात जोडले. पुन्हा चार पावलं, पुन्हा ब्रेक, पुन्हा नवरदेव वाकला. तिसऱ्या वेळी त्या बिचाऱ्यानं हातच जोडून घेतले. निदान वाकण्याला काही अर्थ राहील.

"पोरगा पाहा किती नम्र," माझ्या मागून कोणीतरी म्हणालं.

"एवढा शिकलेला, पण सगळ्यायले वाकून राहिला."

गल्लीतल्या एका आजीबाईंनी तर गाडीजवळ येऊन त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. मागच्या सीटवर फुफाजींचं कपाळ दर वेळी पुढच्या सीटवर आपटत होतं. "मामा, जरासं हळू," नवरदेव दातांतून म्हणाला. "हळूच मारून राहिलो बेटा," बाबा म्हणाले, आणि ते खरं होतं.

हॉलच्या आधी रस्ता उतरता आहे. तिथं नवरीचे आजोबा स्वागताला उभे होते. वय ऐंशीच्या वर, हातात मोठा हार. बँडनं ताल बदलला आणि आजोबांच्या अंगात काय आलं कोण जाणे, हार डोक्यावर धरून ते गाडीपुढं नाचायला लागले. लोकांनी शिट्ट्या मारल्या. ते मागं मागं सरकत नाचत होते, आमच्या गाडीच्या बॉनेटवरून सुटून लोंबणाऱ्या हाराच्या दोऱ्यात त्यांचा पाय अडकला आणि ते गाडीच्या अगदी पुढ्यात पडले.

मी ओरडले, पण बँडमध्ये मलाही ऐकू आलं नाही. गाडी उतारावर होती. पुढच्या क्षणी ती उभी होती. जागच्या जागी. नवरदेव डॅशबोर्डवर, फुफाजी जवळजवळ नवरदेवावर. मी पळत पुढं गेले. आजोबांची टोपी आणि आमचा बंपर यांच्यात एक वीत अंतर होतं.

बँड थांबला. आजोबा रस्त्यावर बसून बंपरकडे बघत राहिले. पोरांनी त्यांना उठवलं, धूळ झटकली. काही लागलं नव्हतं. ते हळूहळू चालत ड्रायव्हरच्या खिडकीशी आले आणि नवरदेवासाठी आणलेला हार त्यांनी बाबांच्या गळ्यात घातला. बाबा इतके लाजले की त्यांनी खाली मान घातली. ही मान मात्र ब्रेकमुळे खाली गेली नव्हती.

लग्न छान लागलं. जेवताना फुफाजी बाबांच्या शेजारी बसले. कपाळावर टेंगूळ. पोळीचा घास मोडत म्हणाले, "साळेसाहेब, चांगली हाय गाडी." मला वाटलं बाबा आता सगळी हकीकत सांगतील, लेथ, पट्टी, बूस्टर. पण ते म्हणाले, "तुमचीही चांगली हाय. क्लच सोडून चालवाची फक्त."

परतताना पाटणसावंगीच्या पुढं बाबांनी गाडी बाजूला घेतली आणि किल्ली माझ्या हातात दिली. आई मागं झोपली होती.

"तू चालव."

मी बसले. गाडी रस्त्याला लागली. मग बाबा समोर बघतच म्हणाले, "ब्रेक ठीकच होते वं."

"कोणते?"

"पहिले. जुने. गाडीत काही दोष नव्हता. माझा पाय कमी पडून राहिला होता. उजवा गुडघा. वर्ष झालं, जोर लागत नाही त्यात. महालात मी दाबलं, पण पुरलं नाही."

मला एकदम बूस्टरची जिद्द आठवली. हलकं दाबलं तरी कडक लागावा, म्हणून. स्कूटरच्या मागं बसताना ते उजवा पाय हातानं उचलून टाकत, मी ते कितीदा पाहिलं होतं, पण कधी विचारलं नव्हतं. गाडी विकायची घाई मात्र मला होती.

"मग सांगितलं काहून नाही?"

"मशीनचं माप घ्याले काही वाटत नाही. पायाचं घ्याले लाज वाटते."

मी गिअर बदलला. बोलले असते तर गाडी बाजूला घ्यावी लागली असती.

त्या आठवड्यात आम्ही डॉक्टरकडे गेलो. गुडघ्याचे व्यायाम सुरू झाले. बाबा ते वहीत लिहून, वेळ लावून करतात, आणि पाय किती अंशात वाकतो ते रोज सकाळी मला सांगतात. शहरात गाडी मी चालवायची आणि रिकाम्या रस्त्यावर त्यांनी, असं न बोलता ठरलं. फुफाजींचा फोन येतो. नवीन क्लच बसवून झाल्यावरही काहीतरी आवाज येतो म्हणतात, आणि बाबा फोनवर आवाज ऐकून निदान करतात. बहुतेक वेळा बरोबर निघतं.

मागच्या रविवारी आम्ही तिघं रामटेकला निघालो होतो. कामठी सुटल्यावर गाडीत शांतता वाटली म्हणून मी शेजारी पाहिलं. बाबा झोपले होते. चालत्या गाडीत हा माणूस जन्मात झोपला नव्हता. दुसरा कोणी चालवत असला की ते डोळे ताणून रस्ता पाहत बसायचे. आता मान सीटवर टेकलेली, तोंड उघडं, हात मांडीवर सैल. पुढं एक ट्रॅक्टर हळूहळू चालला होता. मी ब्रेककडे पाय नेला.

मागून आई हळूच म्हणाली, "हळू लाव वं. उठतील."